काविळीची माळ

पुतणीच्या गळ्यातली काविळीची माळ मी चोरून ओढून लांब केली. तेही कशासाठी, तर सभेला जाता यावं म्हणून. माझे बाकीचे गाढवपणे नातवंडांना मी तिखटमीठ लावून सांगते. हा कधी सांगितला नाही.

गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडात मी धाकटी सून. डोक्यात संयुक्त महाराष्ट्र इतका भिनलेला, की आमटीला फोडणी देतानाही मनात घोषणा चालू. मोठ्या जाऊबाईंची सहा वर्षांची मुलगी महिनाभर पिवळी पडली होती. वाडीतल्या एका आजीबाईंनी औषधी काड्यांची माळ तिच्या डोक्यावर बसवली. कावीळ उतरेल तशी माळ वाढत खाली येते, असं सगळेच मानत. ती जेमतेम गळ्यापर्यंत येऊन थांबली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत छातीवर आली नाही, तर पोरीला परळच्या डॉक्टरकडे न्या."

नेमकी शनिवारीच शिवाजी पार्कला सभा. जाऊबाई परळला गेल्या की चूल माझ्या गळ्यात. शुक्रवारी दुपारी मी पोरीला मांडीवर घेतलं आणि एकेक गाठ सैल करत माळ ओढली. "काकू, गुदगुल्या होतात," म्हणून ती हसली. तिचे डोळे पिवळेजर्द होते. मी पाहिले नाहीत असं नाही.

माळ छातीवर आलेली बघून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. परळ रद्द झालं. मी नवी साडी नेसून सभेला गेले आणि इतकी मागे उभी राहिले, की कर्ण्याची खरखर तेवढी ऐकू आली. पुढच्यांनी हात वर केले की मीही करायची.

पुढच्या आठवड्यात पोरीचं पोट फुगलं, नाकातून रक्त आलं. परळचे डॉक्टर म्हणाले, "ही साधी कावीळ नाही. यकृताला सूज आहे, मुलांत क्वचित दिसते अशी. आधी आणायला हवं होतं." पोर वाचली, पण कितीतरी महिने इस्पितळाच्या खाटेवरच होती.

तिथल्या बाकावर बसून एकदा मी जाऊबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या मोसंबं सोलत होत्या. हात थांबले नाहीत. सोललेली एक फोड माझ्या तळहातावर ठेवत त्या म्हणाल्या, "एवढं करून गेलीस, तर सभेत काय बोलले ते तरी सांग."