जोत्यातला अर्धा दगड

एटापल्लीच्या बाजूच्या एका गावात मी शाळामास्तरीण होते. कुडाची शाळा जाऊन पक्की खोली मंजूर झाली, तेव्हा दगड आणवायचं काम मीच अंगावर घेतलं. दिवस मोहफुलांचे, सगळं गाव पहाटेपासून रानात. गाडीवान बाहेरचा होता. जंगलाच्या कडेचे तीन उभे दगड त्याने काढून आणले. कुणाचे म्हणून विचारलं, तर म्हणाला, "दगडाले का मालक रायते, बाई?"

मला ते पटलं. गवंड्याने सगळ्यात मोठा दगड फोडून कामाला घेतला.

दुसऱ्या दिवशी एकही मूल आलं नाही. एक म्हातारी आली आणि जोत्याचे दगड हाताने चाचपू लागली. मागून गावचा पाटील आला, त्याने समजावलं. माणूस गेला की माडिया लोक त्याचा दगड उभा करतात, गाय कापून सगळ्या गोताला जेवू घालतात. मेलेला सुखात असला तर दगड वाढतो. म्हातारी दर पावसाळ्यानंतर नवऱ्याचा दगड आपल्या कमरेशी मापून पाहायची. बोटभर वाढला, असं तिचं म्हणणं होतं.

"बुढा जिता असतानी शाळेत गेला नाई," पाटील म्हणाला, "तुम्ही मेल्यावर धाडला."

अंगणात पडलेले दोन दगड मी लगेच परत पाठवले. फोडलेला नेमका तिचा निघाला. वरचा तुकडा पायरीत होता, तो उखडून दिला. खालचा जोत्याच्या कोपऱ्यात बसला होता. तो ओढला तर कोपरा उतरेल, असं गवंडी म्हणाला. ते खरंच होतं. दुसरं जोतं बांधायला सामान नव्हतं आणि पाऊस दोन महिन्यांवर आला होता. मी नाही म्हटलं.

तिच्या भाच्यांनी तुकडा काठीला बांधून उचलला. म्हातारी मात्र जागची हलली नाही.

"तू शिकलेली," ती म्हणाली. "सांग, अर्धा वाढते का?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ती गेल्यावर गवंड्याला कामाला लावलं.

शाळा पावसाआधी उभी राहिली. आठवड्याभरात मुलं यायला लागली. तिची दोन नातवंडं आली नाहीत. हजेरीत त्यांची नावं मी वर्षअखेरीपर्यंत चालू ठेवली, मग कमी केली.