ताईचे तीन डबे

आठवीत मला बीजगणित कळत नव्हतं. क्ष अधिक क्ष अधिक क्ष, याचं उत्तर मी क्षचा घन असं लिहीत असे. वडिलांनी सांगून टाकलं होतं, गणितात नापास झाली तर शाळा बंद. ताईची शाळा त्यांनी नववीतच सोडवून तिला सावनेरला दिलं होतं. पहिल्या बाळंतपणासाठी ती आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरी आली आणि माझं गणित तिनं अंगावर घेतलं.

आईनं तिच्यासाठी डिंकाचे लाडू आधीच करून तीन पितळी डब्यांत भरून ठेवले होते. उष्ण पडतात म्हणून बाळंतीण होईपर्यंत हात लावायचा नाही, असा हुकूम. ताईनं तेच डबे माझ्यापुढे मांडले.

"एका डब्यात लाडू किती?"

"मले काय माहीत?"

"मलेही नाही. पण आईनं तिन्हीत सारखे भरले. एका डब्याले म्हण क्ष. आता सगळे मिळून?"

"क्ष, अन् क्ष, अन् क्ष."

"म्हणजे तीन वेळा क्ष. तीन क्ष. यात घन कुठून आणला वं? डब्यावर डबा आपटून राहिली का?"

मी झाकणाला हात घातला, तर तिनं चापट मारली. "न उघडता सांगता आलं पाहिजे. निकाल लागेल तवा मी बाळंतीण झालेली राहीन. पास झाली तर पहिला डबा तूच उघड."

रोज डबे तीच मांडायची, तीच उचलायची. मला उचलू देत नसे.

परीक्षेआधीच सरकारी दवाखान्यात बाळंतपणात ताई गेली. बाळही गेलं. मी पेपर दिले. पास झाले. वडिलांनी निकालपत्रक पाहिलं आणि शाळा बंद करायचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

त्या दुपारी आई म्हणाली, "काढ वं ते डबे. तिनं सांगितलं होतं ना तुले."

दोन डबे जड होते. तिसरा हलका लागला म्हणून तो आधी उघडला. तळाशी थोडेसेच लाडू उरले होते.

आई वाकून पाहत राहिली. "मी तिले एकही देल्ला नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं झालं. खाल्ले तिनं."

भरलेले दोन डबे शेजारच्या बाळंतिणीकडे पाठवले. तिसऱ्यातले लाडू आम्ही दोघींनी तिथंच बसून संपवले. कडक झाले होते. चावायला वेळ लागला.