खंडेनवमीचा कागद

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी सर्व्हर सांभाळायचे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नोकरी अजून कच्चीच होती. दसऱ्याला साहेब कायमचं पत्र देणार होते. माझे वरिष्ठ, सगळ्यांचे काका, सर्व्हरच्या सेटिंग एका साध्या फाईलीत हातानं लिहायचे. प्रत्येक ओळीवर 'हे का केलं' याची टीप. मशीन ती टीप वाचतसुद्धा नाही. मला हा म्हातारपणाचा चाळा वाटायचा. मी माउसवर चालणारं टूल बसवलं होतं. टिचकी मारा, सेव्ह करा, मोकळे व्हा.

खंडेनवमीला बाकीचे स्पॅनर, व्हर्नियर अशी हत्यारं पूजेला मांडायचे आणि काका त्या फाईलीचा छापील कागद. दरवर्षी तोच, बदल पेनानं केलेले. मी तोंडावर हसायचे.

त्या वर्षी पूजेच्या दोन दिवस आधी मी टूलमधून एका प्रिंटरचं नाव बदललं. टूलनं अख्खी फाईलच आपल्या पद्धतीनं पुन्हा लिहिली. त्याला न कळलेल्या ओळी गेल्या, काकांच्या टिपाही गेल्या. फाईल उघडली तेव्हा हे दिसलं. पण सर्व्हर ती आपणहून फक्त सुरू होतानाच वाचायचा; चालू सर्व्हरनं ती अजून वाचली नव्हती, छपाई नीट होत होती, म्हणून गप्प बसले.

"काय बदलायच्या आधी जुनी फाईल ठिवतीस न्हवं?" काकांनी त्याच दुपारी सहज विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. ठेवली नव्हती.

पूजेला सगळी यंत्रं बंद करतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सर्व्हर बंद झाला, हळदकुंकू झालं, नारळ फुटला, सर्व्हर परत चालू केला आणि माल पाठवणाऱ्या डिस्पॅच खात्याचा प्रिंटर यादीतून गायब. बाहेर ओतीव कास्टिंग भरलेला ट्रक झेंडूच्या माळा घालून उभा. त्या प्रिंटरवर छापलेल्या चलनाशिवाय गेट उघडत नव्हतं, आणि हातानं लिहायची चलनबुकं मीच बंद करायला लावली होती.

साहेब खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "कुणी हात लावला हुता ह्याला?"

काकांनी फाईल उघडली. पहिल्याच ओळीत टूलनं आपलं नाव आणि परवाची तारीख ठोकली होती. ते टूल वापरणारी कारखान्यात मी एकटीच. काकांनी ओळ वाचली आणि साहेबांना दिसायच्या आत पडद्यावर फाईल खाली सरकवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी," मी म्हणाले. "आणि काकांशी खोटंही बोलले."

"पत्राचं दिवाळीनंतर बघू," साहेब म्हणाले आणि बाहेर गेले.

काकांनी कागदावरचं कुंकू झटकलं आणि तो माझ्यापुढं ठेवला. "लिव्ह."

ट्रकवाला हॉर्न देत होता. ओळीमागून ओळ उतरवली, तपासली, सर्व्हरला नवी फाईल वाचायला लावली. पलीकडं प्रिंटर खरखरला. मग मी टूलची ती वरची ओळ पुसायला गेले.

"ती ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "तिच्याखाली टीप घाल. काय झालतं, कुणी केलं, सगळं."

मी लिहिलं, नावासकट.

काका निवृत्त झाले, मी उशिरा का होईना कायम झाले, सर्व्हर दोनदा बदलला. दोन्ही वेळा नव्या फाईलीत ती टीप मी माझ्या हातानं उतरवून घेतली.