आमचं रेंज मंडळ

किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते धुळीसारखे असतात. तुम्ही नुसतं महिनाभर फडकं मारू नका, आपोआप साचतात. आमच्या मंडळाचे तर इतके साचलेत की आता बोटाने नाव लिहिता येईल.

मंडळ म्हणजे चार माणसं. काम म्हणजे मोबाइलची रेंज मोजणं. पगार नाही, सत्कार नाही, कुणी सांगितलेलंही नाही. फोनमध्ये एक ॲप असतं, ते चालू ठेवून हिंडायचं. जिथे जाल तिथली रेंज ते आपोआप मोजतं आणि सगळ्यांच्या सामाईक नकाशावर चढवतं. नकाशा छोट्या छोट्या चौकोनांचा. रेंज चांगली तर चौकोन हिरवा, जेमतेम तर पिवळा, नसेल तर लाल. चौकोनावर मोजणाऱ्याचं नाव दिसतं. त्याच चौकोनात दुसऱ्या कुणी मोजलं की जुनं मोजमाप नावासकट पुसलं जातं.

हे खूळ आणलं सुहासने. सुहास म्हणजे माझा नवरा. कंपन्यांच्या नकाशात ठाणे जिल्हा पोपटासारखा हिरवागार दिसतो, आणि आपल्या स्वयंपाकघरात फोन लागत नाही, ही गोष्ट त्याने मनाला लावून घेतली होती. कल्याण-डोंबिवलीपासून घोडबंदर रोडपर्यंत त्याच्या नावाचे चौकोन पसरले होते. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मी शाळेत भूगोल शिकवते, तेव्हा नकाशाची जागा मला वारसाहक्काने मिळाली. रोज संध्याकाळी मी नकाशा उघडते आणि त्याचे किती चौकोन उरले ते बघते. मंडळाला हे माहीत आहे. त्यावर कुणी बोलत नाही.

आमच्या घराचा चौकोन मीच पुसला. ॲप टाकल्यावर पहिल्याच मिनिटाला. असं होतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

०००

प्रधानकाका मंडळातले सर्वांत ज्येष्ठ. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, पण खात्याला अजून ते कळलेलं नसावं अशा थाटात वागतात. त्यांचं एकच वचन आहे: "जुना आकडा म्हणजे खोटा आकडा." त्यामुळे ते वही घेऊन निघतात आणि जुने चौकोन शोधून शोधून ताजे करतात. सुहासचे निम्म्याहून जास्त चौकोन त्यांनीच ताजे केले. आमच्या वाचनालयाच्या दारातला तर माझ्यासमोर. मी शेजारी पुस्तक बदलायला उभी होते. फोनकडे बघत म्हणाले, "पिवळा होता, आता हिरवा आहे. सुधारणा आहे." मी म्हटलं, हो, सुधारणा आहे.

एकदा त्यांनी एका चौकोनावरून मंडळातल्याच मिलिंदशी पंधरा दिवस अबोला धरला होता. मिलिंद रस्त्याच्या डाव्या बाजूने चालला होता आणि मोजमाप उजव्या बाजूला दाखवत होतं. फरक तीन मीटरचा. काका म्हणाले, तीन मीटर म्हणजे काय थोडे झाले? तीन मीटरवर माणूस गटारात असतो.

हेच काका एकदा घोडबंदर रोडवर बसमध्ये अडकले. ट्रॅफिक दीड तास हललं नाही. ॲप मात्र इमानाने मोजत राहिलं. संध्याकाळी त्यांचं खातं बंद! वर इंग्रजीत निरोप: तुमचा फोन दीड तास एकाच जागी, रस्त्याच्या मधोमध होता, हे संशयास्पद आहे. काकांनी चार पानी खुलासा पाठवला. पण ॲप बनवणारी माणसं कुठल्या तरी थंड देशातली. घोडबंदर रोड ही काय चीज आहे हे त्यांना खुलाशातून कळेना. शेवटी मिलिंदने बसच्या खिडकीतून काढलेला फोटो पाठवला. उलट टपाली खातं सुरू झालं आणि सोबत दोन ओळींची सहानुभूती.

०००

मिलिंद कांबळे घोडबंदर रोडवर राहतो, सत्ताविसाव्या मजल्यावर. आयटीत टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधण्याचे पैसे घेतो. आमच्याकडे फुकट शोधतो. त्याच्या टॉवरच्या जाहिरातीत लिहिलं होतं, "जगाशी जोडलेलं घर". राहायला गेल्यावर कळलं की मोबाइलचे अँटेना खाली रस्त्याकडे तोंड करून असतात. सत्ताविसाव्या मजल्यावर फोनला सगळ्या दांड्या दिसतात आणि कॉल एक लागत नाही. जगाशी जोडून घ्यायचं तर लिफ्टने खाली यायचं.

त्यामुळे रोज सकाळी त्यांच्या बागेत पंधरा-वीस माणसं डोंगराकडे तोंड करून ओळीत उभी असतात आणि एक हात कानाशी नेऊन हळूहळू गोल फिरतात. नव्याने राहायला आलेल्या एक बाई चार दिवस त्यांच्यात सामील होऊन तसंच करत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी मिलिंदला विचारलं, "सर येत नाहीत का योगाचे?"

त्या बागेतला चौकोन सुहासचा होता. मिलिंद घरी राहायला आला त्याच दिवशी तो पुसला गेला. त्याने मला मुद्दाम फोन केला. म्हणाला, "ताई, सॉरी. मी फक्त सामान उतरवत होतो."

मिलिंदची आई कल्याणला, चाळीतल्या जुन्या खोलीत. मुलाने पन्नासदा बोलावलं, पण विहार इथे, बाया इथे, मी तिकडे ढगात काय करू, असं म्हणतात. त्यांच्या खोलीत रेंज फक्त एका ठिकाणी: खिडकीच्या गजाला लटकवलेल्या चहाच्या गाळणीत. फोन कायम त्या गाळणीत. वाजला की माउली पिठाचे हात पुसत तिथे जातात, उभ्याने बोलतात, परत ठेवतात. शेजारणींचे फोनही तिथेच येतात, मग त्या हाका मारून बोलावतात. मिलिंद हळहळत होता की एवढा महागाचा मोबाइल घेऊन दिला आणि त्याची ही दशा. प्रधानकाका मात्र गाळणीसमोर हात जोडायचेच बाकी होते. भिंतीला एका जागी फोन, वाजला की माणूस चालत जातो, शेजाऱ्यांना निरोप मिळतो. "हेच तर आमचं खातं होतं," म्हणाले.

०००

आमची डोंबिवलीची सोसायटी. सभेत पहिला ठराव: शेजारच्या इमारतीवर होणाऱ्या मोबाइल टॉवरला तीव्र विरोध, रेडिएशनमुळे. एकमताने मंजूर. दुसरा ठराव: सोसायटीत रेंज नसल्याबद्दल कंपनीचा तीव्र निषेध. तोही एकमताने मंजूर. मी सेक्रेटरींना विचारलं की दोन्ही पत्रं एकाच कंपनीला जाणार आहेत ना? म्हणाले, "हो, म्हणून एकाच पाकिटात घातली."

त्या पाकिटाने आणि आमच्या लाल चौकोनांनी मिळून कंपनीचा एक माणूस खरंच आला. तरुण, टाय लावलेला. आमच्या हॉलमध्ये बसून त्याने टॅबवर कंपनीचा हिरवा नकाशा दाखवला आणि म्हणाला, मॅडम, तुमच्याकडे उत्तम कव्हरेज आहे. मी म्हटलं, छान, हेच साहेबांना आत्ता माझ्यासमोर फोन करून सांगा. त्याने फोन लावला. मग गॅलरीत गेला. मग जिन्यात. मग गच्चीवर गेल्याचा आवाज आला. वीस मिनिटांनी घामाघूम होऊन परतला.

"सांगितलं मॅडम साहेबांना. उत्तम कव्हरेज आहे."

"कुठून सांगितलंत?"

"समोरच्या मेडिकलवाल्याच्या लँडलाइनवरून."

०००

चौथे भोईर. खाडीकाठच्या कोलशेतचे मूळचे. आजोबा मिठागरात, वडील शेतात, आणि भोईर स्वतःच्या पाच मजली इमारतीच्या गच्चीत. मंडळात असून ते ॲप ठेवत नाहीत. म्हणतात, तुम्ही रेंज मोजा, माझ्याकडे टॉवरच आहे. आणि खरंच आहे. त्यांच्या गच्चीवर कंपनीने टॉवर उभा केला, पण तो टॉवरसारखा दिसू नये म्हणून त्याला प्लॅस्टिकच्या झावळ्या लावल्या. पाच मजल्यांवर उगवलेला तो एकुलता एक माड लांबून बघून माणसं वाट विचारत येतात.

भोईरांच्या आईला तो माड फार आवडला. रोज संध्याकाळी वर बघतात. परवा भोईर सांगत होते, "आय इचारतंय, नारल कवा लागनार?"

त्या माडाने सगळं कोलशेत हिरवं झालं. एक चौकोन सोडून. खाडीच्या बांधावर, पाणी अडवायची जुनी लोखंडी झडप आहे, तिथला. तो लाल आहे आणि त्यावर सुहासचं नाव आहे. रविवारी आम्ही दोघं तिथे जाऊन बसायचो. रेंज मोजत हिंडणारा माणूस रेंज नसलेल्या जागेवर इतका खूश का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, इथे मला कुणी बोलावू शकत नाही.

गेल्या महिन्यात कल्याणचा शेवटचा चौकोनही गेला. आता सुहासचा तेवढा एकच उरला होता.

०००

आणि तो चुकीचा होता. टॉवर होऊन वर्ष झालं, बांधावर भरपूर रेंज असणार हे शेंबडं पोरही सांगेल. मी मुलांच्या वहीतला चुकीचा नकाशा चालवून घेत नाही. एक नदी उलटी काढली तर पान पुन्हा काढायला लावते. तेव्हा स्वतःच्या बाबतीत सवलत किती दिवस घेणार? गेल्या रविवारी सकाळी ठरवलं, आपणच जाऊन मोजायचं. निदान त्या जागी पुढचं नाव माझं येईल.

वाटेत भोईर भेटले. कुठे निघालात म्हणाले, मी सांगितलं. तेही बरोबर आले. बांधावरून चालताना मी ॲपकडे बघत होते. हिरवे चौकोन, हिरवे चौकोन, आणि पुढे तो लाल. त्याच्या कडेशी मी थांबले. अजून चार पावलं.

समोरून प्रधानकाका येत होते. टोपी, काठी, कॅनव्हासचे बूट. मला आश्चर्य वाटलं, कारण ते राहतात लांब, ठाणे स्टेशनजवळ नौपाड्याला. भोईर हळूच म्हणाले, "काका लेकीकडं र्‍हायला आलंन ना, वरीस झाला. रोज येतान हिकडं फिराया."

वर्षभर. रोज. आणि ज्या माणसाच्या फोनला शिवलेला कुठलाही चौकोन जुना राहत नाही, तो माणूस.

काका झडपेच्या पलीकडेच थांबले. खिशातून फोन काढला, बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत नीट बघितलं आणि फोन परत खिशात ठेवला. मग चालत पुढे आले, झडप ओलांडली, आणि मान वर केली तर समोर मी.

तेवढ्यात भोईरांचा फोन खणखणला. त्यांची आई. माझ्या चार पावलं पुढे, लाल चौकोनात उभे राहून भोईर तिच्याशी खणखणीत बोलायला लागले: हो आय, बांधावर हाय, कोलंबी आनतंय, हो, आयकू येतंय, मस्त आयकू येतंय.

मी काकांना विचारलं, "फोन बंद का केलात?"

काकांनी एकदा भोईरांकडे पाहिलं, एकदा गच्चीवरच्या त्या माडाकडे.

"इथे रेंज नसते," ते म्हणाले.