डिस्चार्ज

जोतीरामला स्वतःच्या पायाची किळस यायची. पंचेचाळीस साली ब्रह्मदेशाकडच्या छावणीत शेजारी बसून बंदूक पुसणाऱ्या, त्याच्याच तुकडीच्या नाईकाच्या हातून गोळी सुटली आणि ह्याच्या पोटरीत घुसली. शत्रू तिथून कितीतरी कोस लांब. तेव्हापासून तीन महिने तो लष्करी इस्पितळात खाटेवर होता. पट्टी सोडली की मेलेल्या घुशीसारखा वास सुटायचा. शेजारचा शिपाई तोंड फिरवून जेवायचा.

एके सकाळी गोऱ्या डॉक्टरनं खाटेशी थांबून तक्ता वाचला आणि नर्सबाईला काहीतरी सांगितलं. त्यातला एकच शब्द जोतीरामला कळला : डिस्चार्ज. सगळा वॉर्ड त्याच शब्दाची वाट बघत पडलेला. डिस्चार्ज म्हणजे सुट्टी, गाव, ताकारी स्टेशन. त्यानं साबणाची वडी शेजाऱ्याला देऊन टाकली आणि येतो म्हणून घरी कार्ड लिहवून घेतलं.

आठवडा गेला तरी कुणी उठवेना. शेवटी त्यानं पट्ट्या बांधणाऱ्या रहिमानला विचारलं. रहिमान मिरजेचा, थोडं इंग्रजी शिकलेला. त्यानं चिमट्यातला पिवळा-हिरवा बोळा वर धरला.

“गड्या, ह्यो बघ तुजा डिस्चार्ज. जखमंतनं पू येतो, त्येला बी त्येच म्हंत्यात.”

जोतीराम खाटेवरनं वाकून भडाभडा ओकला. त्याची बायको शालूबाई कार्डावर भरवसा ठेवून दोन दिवस ताकारी स्टेशनात भाकरी बांधून बसली होती, हे त्याला मागाहून कळलं.

पुढच्या महिन्यात गोळीची चौकशी झाली. तीन साहेब बसले. एकानं कागद वाचला, आणि पुन्हा तोच शब्द. दुभाष्या म्हणून रहिमानलाच उभं केलं होतं.

“आता कसला रं? पुवाचा का सुट्टीचा?” जोतीरामनं विचारलं.

“न्हाई. बंदूक उडती, त्येला बी डिस्चार्जच. आपसूक उडाली, असं लिवलंय.”

“आपसूक? आनि नाईकाचं नाव?”

“कुटंच न्हाई.”

“मंग सांग साहेबास्नी, बंदुकीला हात हुता म्हनून.”

रहिमाननं सांगितलं. साहेबानं नुसता कागद पुढं सरकवला. रहिमाननं समजावलं, अंगठा दिला तर घरी जायचा हुकूम निघेल. नाही तर चौकशी पहिल्यापासून. जोतीरामनं अंगठा दिला. शाईनं काळ्या झालेल्या त्या बोटाची त्याला पुवाहून जास्त शिसारी आली. मातीनं घासघासून त्यानं सालटं काढलं.

घरी शालूबाई रोज कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं जखम धुवायची. तो पाय ओढून घ्यायचा.

“आवं, तुमी तिकडं बगा. मला काय वाटत न्हाई,” ती म्हणायची.

मिरजेच्या दवाखान्यात आत राहिलेली हाडाची कपची काढली, तेव्हा कुठं जखम सुकली.

मग गावच्या दादासोंनी चावडीच्या ओट्यावर सत्कार ठेवला. ते दणक्यात बोलले, “जपान्याची गोळी झेलून आलाय आपला गडी!” टाळ्या पडल्या. जोतीराम काठी टेकत उठला.

“जपान्याची न्हाई. आपल्याच नाईकाची. कागदावर त्येचं नाव न्हाई, आनि त्या कागदावर मी अंगठा दिलाय.”

दादासोंच्या हातातला हार हातातच राहिला. बायकांतून शालूबाई उठली, पुढं आली, आणि चारचौघांत नवऱ्याचा दंड धरून त्याला सांभाळून पायऱ्या उतरवू लागली.