जाऊबाईंच्या बॅटऱ्या

माझ्या मोठ्या जाऊबाई टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी-खोलीत कामाला होत्या. लाईट गेली तरी लोकांचे फोन चालू राहायचे, ते त्या खोलीमुळे. कमरेएवढ्या उंच बॅटऱ्यांच्या रांगा, आणि ॲसिडचा घशाला झोंबणारा वास. कुठल्या बॅटरीत पाणी उतरलंय, कुठली दमलीय, हे बघत जाऊबाई त्या रांगांमधून फिरायच्या. त्यांच्या कपड्यांना बारीक बारीक भोकं पडलेली असत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, यांच्या कपाटाला कसर लागलीय. मी गुपचूप डांबराच्या गोळ्या आणून ठेवल्या. त्यावरून पुढे कित्येक वर्षं माझी चेष्टा झाली.

मोबाइल आले आणि एक्स्चेंजचा गाशा गुंडाळला गेला. जाऊबाई वेळेआधीच निवृत्त होऊन घरी बसल्या. थोरले दीर तोवर गेले होते, मूलबाळ नव्हतं. घरात सासरे, मी, माझा नवरा आणि त्या, एवढीच माणसं. बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आधी माझ्या स्वयंपाकघरात हात घातला. डब्यांच्या जागा बदलल्या, सुऱ्यांना धार लावली, चांगल्या चाललेल्या मिक्सरला खोलून पाहिलं. मी तोंड फुगवलं तेव्हा त्यांना कळलं, आणि त्या आपणहून बाहेर पडल्या.

आमच्या इमारतीखाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या पोत्यात भरून भंगारात द्यायचा. जाऊबाईंनी एक मागून घेतली आणि गॅलरीत बसून फोडली. आत बोटाएवढे सेल एकाला एक चिकटून बसलेले होते. त्यांतला एखाद-दुसराच गेलेला होता, बाकीचे ठणठणीत. ते बघून त्या चिडल्याच. एक भावंड आजारी पडलं म्हणून सगळ्यांना घराबाहेर काढल्यासारखं आहे हे, असं त्या रात्री जेवताना म्हणाल्या. मग पोतंच्या पोतं वर येऊ लागलं. चांगले सेल वेगळे काढून त्यांनी जिन्यासाठी दिवा केला, मला ओट्यावर ठेवायला पंखा करून दिला. माझा नवरा गॅलरीला ‘वहिनीचं एक्स्चेंज’ म्हणायला लागला. कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती, पण पंखा मिळाल्यावर मी काय बोलणार.

अशात सासऱ्यांची छाती बिघडली. त्यांचा सगळा जन्म फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारण्यात गेला होता, ते सगळं फुप्फुसात जाऊन बसलं होतं. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र घरी आणायला सांगितलं. पलंगाशेजारी ते दिवसरात्र घरघरत असे. नाकाला लावलेली नळी दाखवून ‘मला सोंड फुटली’ असं सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण लाईट गेली की यंत्र किंचाळायचं आणि बंद पडायचं. मग धावपळ करून सिलेंडर जोडावा लागे. तेवढ्या वेळात सासरे बोलत नसत, नुसती पलंगाची कड घट्ट धरून ठेवत. ते बघवत नसे.

जाऊबाईंनी मनावर घेतलं. दुकानदाराकडून ऑफिसातला जुना यूपीएस आणला, त्याला जोडायला शेकडो सेल निवडले, एकेकाला सोल्डरिंग करून मोठा पेटारा तयार केला. त्यानंतर लाईट गेली तेव्हा यंत्र हूं की चूं न करता चालत राहिलं. सासरे झोपलेलेच होते. माझा नवरा भीत होता, तेव्हा जाऊबाई त्याला म्हणाल्या होत्या, ‘‘काही होणार नाही. बॅटऱ्यांत जन्म गेलाय माझा.’’ आता तोच शेजाऱ्यांना बोलावून पेटारा दाखवू लागला.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी मी इस्त्री करत असताना गॅलरीतून फुसफुस ऐकू आली. शिट्टीच्या आधी कुकर करतो तशी. मी मान वळवली तर पेटाऱ्यातून पांढरा धूर येत होता. जाऊबाई माझ्याआधी उठल्या होत्या, पण त्या गॅलरीकडे न जाता सासऱ्यांच्या खोलीत गेल्या. आधी ऑक्सिजन बंद केला, नळी काढली, आणि मला ओरडून सांगितलं की यांना बाहेर काढ, ऑक्सिजन इथे नको. तोवर पडदा पेटला होता. मी आणि शेजारच्यांनी सासऱ्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेलं. मागून कोणीतरी सिलेंडर आणला. जाऊबाईंनी पेटारा झाडूच्या दांड्याने ढकलत बाथरूममध्ये नेला आणि त्यावर बादल्यांमागून बादल्या ओतल्या. दांडा मोडला तेव्हा हातानेच ढकलला. उजवा तळहात चांगलाच भाजला.

सासरे बचावले, घरही बचावलं. गॅलरी काळी झाली होती. इमारतीतले लोक जमले आणि त्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. वरच्या मजल्यावर तान्हं मूल होतं, त्यामुळे त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या नवऱ्याने वहिनीपुढे कधी आवाज चढवला नव्हता, तोही त्या दिवशी म्हणाला की हे आता बंद. जाऊबाईंनी मान हलवली. उरलेले सेल दुकानदाराकडे परत गेले. फक्त जळालेले तुकडे त्यांनी बिस्किटाच्या डब्यात घालून ठेवले.

त्या रडल्या वगैरे नाहीत. पण जेवायला बसल्या की ताटाकडे बघत राहत. हात भाजल्यामुळे मी त्यांना भरवत असे, तरी घास तोंडात तसाच. एकदा मी रागावले तेव्हा म्हणाल्या, ‘‘चुकले हे मला कळतंय गं. पण कुठे चुकले ते कळत नाही. ते कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर यायचा नाही.’’

दुकानदारानेच तोड सुचवली. इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक बाई वापरलेल्या बॅटऱ्यांवर संशोधन करत होत्या, आणि त्याच्याकडून जुना माल घेऊन जायच्या. जाऊबाईंच्या हाताला पट्टी होती म्हणून डबा धरायला मी बरोबर गेले. वाटेत मला एकच धास्ती, ही शिकलेली बाई आमच्या माणसाला चार गोष्टी सुनावणार.

तसं काही झालं नाही. संशोधक बाई वयाने जाऊबाईंच्या मुलीसारख्या. त्यांनी डबा उघडून तुकडे पांढऱ्या कागदावर मांडले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. सेल कसा निवडला, किती तापायचा, जोडणी कशी केली. जाऊबाईंनी काही लपवलं नाही. मग संशोधक बाईंनी चुका दाखवल्या. या सेलला सोल्डरिंगची उष्णता सोसत नाही, आतला पापुद्रा खराब होतो आणि बाहेरून काही दिसत नाही. दुसरं म्हणजे, चार्ज करून लगेच मोजला तर आजारी सेलही धडधाकट दिसतो. त्याला आठवडेच्या आठवडे नुसता पडू द्यायचा. ज्याचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आपोआप उतरतो तो आतून पोखरलेला. आणि प्रत्येक सेलला स्वतःची बारीक फ्यूज-तार हवी, म्हणजे एक बिघडला तर तो एकटाच तुटून पडतो. जाऊबाईंच्या पेटाऱ्यात यातलं काहीच नव्हतं.

जाऊबाईंनी डाव्या हाताने एक काळा तुकडा उचलून नाकाशी नेला. मग म्हणाल्या, आमच्या एक्स्चेंजच्या बॅटऱ्या बिघडायच्या आधी वास द्यायच्या, फुगायच्या, हजार तऱ्हांनी सांगायच्या. ह्या काही सांगतच नाहीत, आणि मी दोघींना एकच समजले. बोलताना त्यांचा आवाज मोकळा झाला होता. मला हायसं वाटलं.

निघताना संशोधक बाईंनी त्यांना प्रयोगशाळेत यायला सांगितलं. लोक घरोघरी जुने सेल कसे वापरतात, कुठे फसतात, हे त्यांना हवं होतं, आणि खोलीत बसून ते कळत नव्हतं.

‘‘आग लावणारी बाई कशाला हवी तुम्हाला?’’ जाऊबाईंनी विचारलं.

‘‘काकू, आग कशी लागली हे इतकं धडपणे सांगणारं मला अजून कोणी भेटलं नव्हतं.’’

जाऊबाई जायला लागल्या. घरी मात्र त्याबद्दल कमी बोलत. तिथे सेल फार न तापवता जोडणारं स्पॉट वेल्डिंगचं यंत्र चालवायला शिकल्या, आणि त्याहून अवघड म्हणजे थांबायला शिकल्या. सेल मोजून कपाटात ठेवायचे आणि विसरून जायचं. ज्या बाईला भंगारातली तार टाकवत नसे, ती आता निम्म्याहून जास्त सेल बाद करून रिसायकलिंगच्या पिंपात टाकू लागली. पहिल्यांदा टाकताना जिवावर आलं होतं, असं त्यांनीच मला सांगितलं.

वर्ष उलटत आलं तेव्हा त्यांनी जेवताना नव्या पेटाऱ्याचा विषय काढला. माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. तो नाही म्हणाला, आणि खरं सांगायचं तर मीही. वादावादी सुरू झाली. तेवढ्यात पलंगावरून सासऱ्यांनी ताटलीवर चमचा वाजवला. यंत्र माझ्या नाकाला आहे तर मला विचारा, असं म्हणाले. मग त्यांनी जाऊबाईंना जवळ बोलावलं.

‘‘कुठे ठेवणार?’’

‘‘घरात नाही. मागच्या मोकळ्या जागेत, लोखंडी पेटीत. वायर तेवढी वर येईल.’’

‘‘आणि पुन्हा पेटला तर?’’

‘‘तर तिथेच जळेल. तुमच्यापर्यंत येणार नाही. पण पेटणारच नाही असं मी म्हणणार नाही, बाबा.’’

सासऱ्यांनी दम घेतला. ‘‘मागच्या वेळी म्हणाली होतीस, काही होणार नाही. या वेळी हे म्हणतेस. म्हणून लाव.’’

इमारतीच्या लोकांना समजावणं त्याहून कठीण गेलं. संशोधक बाई स्वतः येऊन बोलल्या, पेटी उघडून दाखवली, वरच्या मजल्यावरच्या त्या लहान मुलाच्या आईला सांगाल तिथे ठेवू म्हणाल्या. ती आईच पुढे झाली आणि तिने कुंपणाच्या भिंतीपाशी जागा दाखवली.

सासरे त्यानंतर दोन हिवाळे जगले. गेले ते छातीच्याच दुखण्याने, हॉस्पिटलमध्ये. पेटीला त्यांच्या हयातीत काही झालं नाही. झालं असं म्हणण्यासारखं एकदाच, उन्हाळ्यात एक सेल बिघडला, त्याची तार वितळली आणि तो बाजूला पडला. बाकीचे चालत राहिले, घरात कोणाला पत्ताही लागला नाही. जाऊबाईंनी तो सेल खालून आणून सासऱ्यांच्या हातावर ठेवला होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि ‘गेला बिचारा’ म्हणून परत दिला.

दिवसकार्य आटोपल्यावर पेटी प्रयोगशाळेत गेली. ती उघडणार त्या दिवशी जाऊबाईंनी मला बरोबर नेलं. आगीनंतर मी त्या सेलना बोट लावलं नव्हतं. त्यांनी हातमोजे दिले आणि समोर बसवलं. त्या एकेक सेल सोडवून माझ्याकडे देत, मी तारीख लिहिलेली पट्टी चिकटवून कपाटात ठेवत होते. थोडे थकले होते, ते वेगळे झाले. बाकीचे पुन्हा विश्रांतीला गेले. पुढे ते कशाला लागतील असं मी विचारलं, तर जाऊबाई म्हणाल्या, आधी पडू देत, मग बघू. आणि मी एक पट्टी वाकडी लावली होती ती काढून त्यांनी सरळ लावली.