एका ताऱ्यातलं लेकरू

साउ लायला मी सत्तावीस वर्षं ओळखतो, आणि तेवढी वर्षं तिच्यावर माझा पुरता विश्वास बसलेला नाही. तरी सायगावच्या खालच्या, कालव्यांच्या या सादेक गावात मला माझं म्हणावं असं माणूस तीच. मी ताम, न्हावी. माझी खुर्ची तिच्या ऑफिसच्या भिंतीला लागून, बदामाच्या झाडाखाली. तिच्याकडं येणारं गिऱ्हाईक आधी माझ्या आरशात दिसतं, मग तिला.

ऑफिस कसलं, एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर. धंदा घरं-जमिनी दाखवायचा. असल्या दलालांना आमच्याकडं बगळे म्हणतात. पाण्याच्या कडेला एका पायावर उभं राहायचं आणि नजर माशावर. लोक तिला तोंडावर विचारायचे, "काय बगळे, आज काय गावलं?" ती म्हणायची, "तूच गावलास. ये, बस." नाव लाय, भावंडांत सहाच्या आकड्याला लागली म्हणून साउ, आमच्या बोलीत सहा. लहानपणी होडीतून लॉटरीची तिकिटं विकली. घाटाघाटावर कोण विकतंय, कोण घेतंय, कुणाचं कुणाशी फाटलंय, सगळं डोक्यात साठवत गेली. नवरा कंबोडियाच्या हद्दीकडं म्हणून गेला तो गेलाच. मग त्या डोक्यावरच तिनं पोट भरलं. मूलबाळ नाही.

तिचं कसब आता सांगायला हरकत नाही. पौर्णिमा-अमावास्येला, आणि आमच्या चांद्र दहाव्या महिन्यात सगळ्यांत जास्त, उधाणाचं पाणी कालव्यातून वर चढतं आणि सखल घरांत शिरतं. दोन-तीन तास ठाण मांडतं, मग उतरतं. साउ गिऱ्हाइकाला वेळ द्यायच्या आधी कॅलेंडरवरची तिथी बघायची. "अकराला या हो. सातला नको, सकाळी फार गर्दी असते मला." गर्दी कसली डोंबलाची! सातला त्या घरात पाणी असायचं. अकराला पाणी उतरलेलं, फरशी पुसलेली, उदबत्ती लावलेली. मला सगळं ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मनातून कौतुकच वाटायचं.

गेल्या साली फुलझाडांच्या काही मळ्यांची जमीन एका मोठ्या कंपनीनं घेतली. तिथं दोनशे घरं होणार. ती विकायला गावातला एकच दलाल नेमणार, अशी बातमी आली. साउचं वय अठ्ठावन्न. हे काम मिळालं तर मरेपर्यंत उन्हात फिरायची गरज नव्हती. पण कंपनीची बाई म्हणाली, आधी फोनमध्ये तुमचं पान पाहिजे, लोकांनी तारे दिलेलं. आता आली का पंचाईत! कीतनं लगेच पान काढलं. कीत म्हणजे दुसरा दलाल, तिशीतला पोरगा, मे महिन्यातही कोट घालणारा. मग साउनंही काढलं.

महिन्यात सहा शेरे पडले, सहाही पाच ताऱ्यांचे. दोन तिच्या सायगावच्या भाच्यांचे. चार माझ्या खुर्चीतले. गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून मी म्हणायचो, "दादा, जरा फोन काढा, पाच दाबा." कोण नाही म्हणेल?

आणि दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेला आठ दिवस असताना सातवा शेरा पडला. नाव नाही. तारा एक.

"यांच्याकडून घर घेतलं. भरतीला घरात पाणी असतं. यांनी घर ओहोटीला दाखवलं. मी विचारलं तर म्हणाल्या, कोरडं ठणठणीत आहे. मी विश्वास ठेवला. एवढं तरी लेकराला सांगायचं होतं."

साउनं तो मला तीनदा वाचायला लावला. मग तिचा चेहरा असा झाला की मी गिऱ्हाइकाच्या कानाला कापलं.

"निनावी!" ती ओरडली. "तोंड लपवून दगड मारायचा! समोर येऊन बोलायची हिंमत नाही मेल्याला!"

"भामटा आहे," मी म्हणालो. "नाव नसलेल्या माणसाचं काय धरायचं?" माझ्या चौघांनाही नाव नव्हतं, पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

कंपनीच्या बाईचा फोन त्याच दिवशी आला. ती गोड आवाजात म्हणाली, "तारे आम्ही मोजत नाही हो. पण पाण्याचा शब्द असलेलं पान आम्हाला चालणार नाही. पौर्णिमेपर्यंत बघा काय करता येतंय." मळ्याची जमीन गावातली सगळ्यांत सखल. तिला पाण्याच्या शब्दाची भीती का वाटते, हे मला न सांगता कळलं.

पहिला संशय अर्थातच कीतवर. साउ तडक कॉफीच्या दुकानात गेली, मी वस्तऱ्यासकट मागं. तो बर्फाच्या कॉफीत चमचा फिरवत बसलेला.

"कोट घातला म्हणून बगळ्याचा राजहंस होत नाही रे," साउ सगळ्यांदेखत म्हणाली. "लिहायचं तर नावानिशी लिहायचं होतंस!"

कीत उठून उभा राहिला, हात जोडून. "साउताई, धाकट्यावर उगीच आळ घेता. धाकट्याला तुम्हाला पाडायचंच असतं तर त्यानं तीन तारे दिले असते. एक तारा दिला की लोक म्हणतात जळकुट्या आहे. तीन दिले की सगळ्यांना खरं वाटतं."

दुकान हसलं. साउ परत फिरली, पण त्या पोराच्या अकलेचं मला भय वाटलं.

पुढचे तीन दिवस तिनं कुणाला सोडलं नाही. घर घेतलेल्या माणसानं रस्त्यात नमस्कार केला तरी ती त्याच्याकडं डोळे बारीक करून बघायची. उत्तरेकडून बदलून आलेल्या एका मास्तरला तिनं बाजारात गाठलं आणि इतकं बोलली की तो मासे तिथंच टाकून गेला. "हाच असणार, ताम. कसा पळाला बघ." मी म्हणालो, "तुझ्या तोंडापुढं वाघ पळेल." संशयाची लागण अशी असते की मीही प्रत्येक डोकं हातात घेतलं की विचार करायचो, या डोक्यातून तर आलं नसेल?

चौथ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी तो शेरा पुन्हा वाचला आणि ताडकन उठलो.

"साउ, आपण गाढव आहोत. शेवटची ओळ बघ. 'लेकराला' म्हटलंय."

आमच्या बोलीत 'मी' हा शब्द कचेरीतला. माणसाशी बोलताना आपण नात्यानं बोलतो. वडीलधाऱ्यापुढं आपण 'लेकरू', बरोबरीच्या मोठ्यापुढं 'धाकटा'. मोठ्यापुढं 'मी' म्हटलं की अर्ज तरी असतो, नाहीतर भांडण; जुन्या दोस्तांत मात्र चालतं. या निनाव्यानं सबंध शेऱ्यात 'मी, मी' करत नेटानं नातं पुसलं होतं आणि शेवटच्या ओळीत हात घसरला होता.

"कीत नाही," मी म्हणालो. "तो धाकटा म्हणतो. मास्तर नाही. उत्तरेकडचे लोक स्वतःला लेकरू म्हणत नाहीत, भाचरू म्हणतात. हे इथलंच कुणीतरी आहे. तुझ्यापेक्षा लहान. आणि रागातही तुला वडीलधारी मानणारं."

साउनं ती ओळ माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली. मग म्हणाली, "असली चाळीस पोरं आहेत." पण आवाजातली धार गेली होती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नू आली. नू मळ्यात कामाला, आईबापांविना वाढलेली. तिच्या लग्नात आईच्या जागी साउ उभी राहिली होती, रेशमी झगा घालून, डोळे पुसत. वर्षभरापूर्वी कालव्याकाठचं घरही तिनंच नूला मिळवून दिलं. तेव्हापासून पोर दर पौर्णिमेच्या आसपास केळीच्या पानात बांधलेला चिकट भात घेऊन यायची, "आई, खाऊन बघा," म्हणायची, हसायची, जायची.

त्या दिवशीही ती दाराशी चपला काढून आत आली. साउनं तिच्यापुढं फोन धरला. "बघ, कुणी मेल्यानं काय लिहिलंय तुझ्या आईबद्दल!"

नूनं वाचल्यासारखं केलं. हसली. "असतात वाईट माणसं, आई. लेकराला फोनमधलं काही कळत नाही."

मी आरशातून बघत होतो. माझं काम खाली बघायचं नसतं, पण त्या दिवशी नजर तिच्या पायांवर गेली. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फुटल्या होत्या. चिखल्या. मळ्यात तर ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालते, मीच बघतो रोज. हे पाय पाण्यानं घरात खाल्ले होते.

साउचीही नजर माझ्या नजरेमागून खाली गेली. तिनं फोन टेबलावर ठेवला.

"नू, घर कसं आहे गं?"

"छान आहे, आई."

"पाणीबिणी?"

"नाही हो. कोरडं ठणठणीत आहे."

शब्द साउचेच होते. आता ही बया पोरीला फाडून खाणार, असं वाटलं. साउ उठली, बाहेर आली, माझ्या पेटीतली तुरटी उचलली आणि नूच्या हातात ठेवली. "भिजवून पायाला लाव. दोन वेळा." बस्स, एवढंच. नूचा चेहरा पांढराफटक पडला. चपला हातात घेऊनच गेली ती.

तासाभरात सातवा शेरा नाहीसा झाला. पान स्वच्छ. सहाचे सहा, पाच ताऱ्यांचे.

मी टाळीच दिली. "सुटलीस! उद्या कंपनीवाली येते, कागदावर सही कर आणि मला तिथं एक दुकान दे."

साउ हसली नाही. "मी तिला एक शब्द बोलले नाही, ताम."

"म्हणून तर बरं झालं."

"तुरटी दिली मी. औषध म्हणून दिली. तिला ती धमकी वाटली." ती कॅलेंडरकडं बघत होती. "वर्षभर पाण्यात राहिली पोर. दर पौर्णिमेला पाणी उतरलं की भात शिजवून मला आणून द्यायची. तोंडावर सांगता येईना, आई म्हणते ना मला. एक जागा सापडली होती तिला बोलायला, तीही मी काढून घेतली."

माझा संशय जात नाही, तो स्वभाव आहे. मला वाटलं, यातही हिचा काही डाव असेल.

"तुझा फोन दे. नाही, तूच लिही. मी सांगते."

"काय लिहू?"

"एक तारा दाब. 'यांच्याकडून घर घेतलं. भरतीला घरात पाणी असतं...'"

"डोकं फिरलंय का तुझं? अगं, उद्या ती बाई येणार!"

"म्हणूनच आज. लिही. 'यांनी घर ओहोटीला दाखवलं.'" तिला तो अख्खा पाठ झाला होता. मी शिव्या देत देत लिहीत गेलो. शेवटी विचारलं, "नाव घालायचं?"

"नको."

"'एवढं तरी मला सांगायचं होतं,' बरोबर?"

"'मला' नाही. 'लेकराला.'"

"अगं, ती चूक होती तिची! त्या चुकीनंच सापडली."

"चूकच लिही," साउ म्हणाली. "होती तशी."

मग माझ्या खुर्चीतले चार शेरे कुणाचे, ते तिनं विचारलं. गावातल्या तिघांच्या मी घरी जाऊन ते पुसून घेतले. चौथा परगावचा होता, त्याचे पाच तारे अजून तिथं आहेत.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बाईनं पान उघडलं, वाचलं आणि गोड आवाजातच कीतला काम दिलं. मी दोन दिवस साउशी बोललो नाही. भयंकर राग आला होता मला, अजून येतो. उन्हातान्हात फिरते ही बाई, आणि कोट घातलेला तो पोरगा कंपनीच्या गार ऑफिसात बसलाय. मळ्यातली घरं दाखवायची वेळ तो कशी ठरवतो, ते मला सांगायला नको.

अकराव्या महिन्याच्या पौर्णिमेला नू येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. हातात भात नव्हता. दाराशी चपला काढल्या, आत जाऊन साउसमोर उभी राहिली. हसली नाही. माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक होतं, अर्धी दाढी झालेली, पण माझा हात थांबला.

"आई."

"हं."

"काल घरात गुडघाभर पाणी होतं." पोर थांबली नाही. "तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही लेकराला फसवलंत, आई."

"हो," साउ म्हणाली. "फसवलं." मग तिनं आपली खुर्ची नूकडं सरकवली आणि स्वतः उभी राहिली. "बस. अजून सांग."